आदिवासी भागातल्या शाळा आणि मिशनरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर काहीही बोललं की तेच तेच प्रश्न येतात. निम्मे असे की "मिशनऱ्यांनीच सगळं केलं ना?" आणि निम्मे असे की "मिशनऱ्यांनी फक्त धर्मांतरच केलं ना?" दोन्हीकडच्यांना उत्तर एका ओळीत हवं असतं आणि ते तसं देता येत नाही, म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय. सोप्यापासून सुरुवात, किचकट शेवटी. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिकडचा नंबर दिलाय, परत लिहीत बसलो नाही.

१. मिशनरी यायच्या आधी आदिवासींमध्ये शिक्षण नव्हतंच का?

शाळा नव्हती, शिक्षण होतं. मुरिया-माडियांचं गोटुल घ्या, उरांवांचं धुमकुडिया घ्या, तरुण पोरं-पोरी तिथे गाणी, नाच, कामाची वाटणी, समाजात वागायचं कसं हे सगळं शिकायची. जंगल, बी-बियाणं, औषधी मुळ्या हे घरात आणि रानात कळायचं. नव्हतं ते लिहिणं-वाचणं, आणि त्याचा तोटा कधी झाला तर सावकाराची वही आणि कोर्टाचा कागद दारात आला तेव्हा. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे चौथ्या आणि सातव्या प्रश्नात तोच परत येतो.

२. आदिवासींसाठी मिशनच्या शाळा कधी आणि कुठे सुरू झाल्या?

ईस्ट इंडिया कंपनीने आधी मिशनऱ्यांना फार वाव दिला नव्हता, १८१३ च्या चार्टर कायद्याने दार उघडलं. सुरुवात शहरांत आणि मैदानी भागात झाली, डोंगरात जायला अजून वीस-तीस वर्षं गेली. १८४१ मध्ये थॉमस जोन्स नावाचा वेल्श मिशनरी खासी टेकड्यांत सोहऱ्याला (म्हणजे आपलं चेरापुंजी) पोचला आणि शाळा सुरू झाल्या. १८४५ मध्ये गॉस्नर मिशनचे जर्मन लोक रांचीत आले. त्याच दशकात गॉस्नरच्याच माणसांनी मध्य प्रदेशातल्या मंडला भागात करंजियाला गोंडांमध्ये बस्तान बसवायचा प्रयत्न केला, पण कॉलऱ्यात बहुतेक जण गेले आणि ते काम तिथेच संपलं. करंजिया हे नाव नवव्या प्रश्नात परत भेटेल.

३. इंग्रज सरकारने स्वतः शाळा का काढल्या नाहीत?

पैसा. १८५४ च्या वुडच्या खलित्यात अनुदानाची पद्धत आली, म्हणजे शाळा खाजगी संस्थेने चालवायची, सरकार थोडा खर्च देणार आणि तपासणी करणार. कागदावर सरकार धर्माच्या बाबतीत तटस्थ होतं. पण ताप, हिवताप सहन करत जंगलात वर्षानुवर्षं राहायला तयार असलेली संस्था कोण, तर बहुतेक ठिकाणी मिशन, त्यामुळे नियम सगळ्यांना सारखा असला तरी डोंगराळ भागात पैसा आपोआप त्यांच्याकडे गेला. लुशाई टेकड्यांत (आजचं मिझोराम) तर शाळांचा मानद तपासनीसच मिशनरी होता!

आणि हे फक्त आदिवासींपुरतं नव्हतं. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी हेच मांडलं की सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. रयतेची ही गत, तर जंगलातल्यांचा विचार कोण करणार.

४. लोक पोरं पाठवायचे ते शिक्षणासाठी, धर्मासाठी की तांदूळ-कपड्यासाठी?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. "तांदळाचे ख्रिस्ती" हा टोमणा जुना आहे आणि काही ठिकाणी, विशेषतः दुष्काळात, त्यात तथ्यही आहे (सहावा बघा). पण छोटानागपूरचं (म्हणजे आजच्या झारखंडातला रांचीभोवतीचा भाग) उदाहरण घेतलं तर चित्र वेगळं दिसतं.

जर्मन मिशनरी रांचीत आले १८४५ ला, पहिल्या चार उरांवांचा बाप्तिस्मा झाला १८५० मध्ये. पाच वर्षं काहीच नाही. मग गर्दी कधी झाली? जमिनीच्या भांडणात मिशनरी आपल्या बाजूने उभा राहतो हे लोकांना दिसलं तेव्हा. १८८५ मध्ये कॉन्स्टंट लीव्हन्स हा बेल्जियन येशूसंघी (जेझुइट, म्हणजे कॅथलिक पंथातला) रांचीकडच्या तोरपाला आला, त्याने जमिनीचे स्थानिक रिवाज समजून घेतले आणि जमीनदारांविरुद्धच्या कज्ज्यांत, वेठीच्या तक्रारींत लोकांना मदत करायला लागला. थोड्याच वर्षांत हजारोंनी लोक आले. शाळा त्यानंतर भरल्या. पुढे हॉफमन या दुसऱ्या येशूसंघ्याचा १९०८ च्या छोटानागपूर कुळकायद्याच्या मसुद्यात हात होता, त्यानेच मुंडारीचा प्रचंड ज्ञानकोश केला आणि सहकारी पतपेढीही काढली.

तेव्हा माझं मत विचाराल तर लोक आले ते जमिनीसाठी. वाचता आलं तर पट्ट्यावर काय लिहिलंय ते कळेल, हा हिशोब कुठल्याही शेतकऱ्याला कळतो, त्याला भोळेपणा म्हणू नका.

५. बिरसा मुंडा खरंच मिशनच्या शाळेत शिकले होते का?

हो. चाईबासाच्या जर्मन मिशनच्या शाळेत. नंतर ते मिशनपासून दूर झाले आणि मिशन, सरकार, जमीनदार तिघांच्याही विरोधात उभे राहिले. दुसरं उदाहरण जयपालसिंह मुंडांचं. रांचीच्या सेंट पॉल शाळेतून ऑक्सफर्डला, १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये हॉकी संघाचे कप्तान, पुढे संविधान सभेत आदिवासींचा आवाज. एकाच प्रकारच्या शाळांतून ही दोन माणसं निघाली. शाळा चालवणाऱ्याला काय हवंय आणि पोरगं काय उचलतं याचा मेळ लागत नाही, तो कुठल्याच शाळेत लागत नाही म्हणा.

६. महाराष्ट्रात आदिवासींमध्ये मिशनऱ्यांच्या शाळा होत्या का?

होत्या, पण झारखंड किंवा ईशान्येच्या मानाने विरळ. इथे एक घोळ नेहमी होतो. अमेरिकन मराठी मिशन, नगरच्या सिंथिया फरार, पुण्यातली स्कॉटिश मिशनची शाळा ज्यात फुले शिकले, हे सगळं खरं आहे पण ते मुख्यतः शहरं आणि पठारावरची गावं, तिथले दलित आणि इतर समाज. त्याला आदिवासी शिक्षणाचा इतिहास म्हणून चिकटवू नका.

नागपूरला स्टीफन हिस्लॉप होते, त्यांच्या नावाचं कॉलेज आजही आहे. गोंडांची लिंगोची (त्यांचा दैवी पूर्वपुरुष) गाणी त्यांनी गोळा केली आणि १८६३ मध्ये ते टाकळघाटजवळ बुडून वारल्यावर ती छापली गेली. पण शाळा कुठे होती, तर नागपूर शहरात. गोंडांची गाणी कागदावर आली, गोंडांची पोरं वर्गात आली असं नाही.

प्रत्यक्ष आदिवासी पट्ट्यात बघायचं तर खानदेशात नवापूर-नंदुरबारकडे भिल्ल-मावचींमध्ये स्कँडिनेव्हियन मिशन, डहाणू-पालघर आणि पलीकडे व्यारा-आहवाकडे अमेरिकन ब्रदरन मिशन, तलासरीला येशूसंघी. दवाखाना, बोर्डिंग, प्राथमिक शाळा असा साधारण साचा.

आणि दुष्काळ. १८९९-१९०० चा छप्पनिया दुष्काळ भिल्ल पट्ट्यात, गुजरात-राजस्थानकडे फार भयानक होता. अनाथ झालेली पोरं मिशनच्या अनाथालयांत गेली, अनाथालयाला जोडून शाळा आणि सुतारकी-शिवणकामाचे वर्ग आले आणि त्या पोरांतूनच पुढे मास्तर आणि प्रचारक तयार झाले. हे जीव वाचवणं होतं की संधी साधणं यावर लोक आजही भांडतात. मला वाटतं दोन्ही, आणि ज्याचा जीव वाचला त्याच्या नातवंडांपुढे ही चर्चा जरा जपून करावी.

७. मग वारल्यांपर्यंत शाळा नेली कोणी?

इथे नावं वेगळी येतात. डहाणूजवळच्या बोर्डीला आचार्य भिसे होते, बाळासाहेब खेरांनी आदिवासी सेवा मंडळ उभं केलं. १९४५ मध्ये ताराबाई मोडक बोर्डीला आल्या, सोबत अनुताई वाघ. बालवाडी काढली तर पोरं येईनात. का येईनात? कोणाच्या कडेवर धाकटं भावंड, कोणी गुरांमागे, कोणी आईबापासोबत मालकाच्या शेतावर. मग या बायांनी शाळाच उचलली आणि पाड्यावर नेली, अंगणात भरवली. त्यातून अंगणवाडी आली. गुराखी पोरांसाठी कुरणावर जायचं, म्हणून कुरणशाळा. शंख, शिंपले, बिया, पानं हेच साहित्य, कारण माँटेसोरीचं महागडं सामान पाड्यावर कुठून आणणार. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. १९७५ मध्ये केंद्राच्या बालविकास योजनेत देशभर अंगणवाड्या निघाल्या, आज कोणाला विचारा हा शब्द कुठला, क्वचितच कोणाला बोर्डी आठवेल.

पण एक गोष्ट शाळेच्या इतिहासात सुटते. त्याच १९४५ मध्ये, त्याच भागात, गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या पुढाकाराने वारल्यांचा लढा सुरू झाला होता. मे महिन्यात झरीची परिषद, ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला गोळीबार. वेठबिगार आणि लग्नगडी (लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायकोने मालकाकडे राबायचं) या पद्धती त्या लढ्याने मोडल्या. ज्याचा बाप वेठीला बांधलेला आहे ते पोरगं शाळेत कसं येणार? म्हणून मी दोन्ही गोष्टी शेजारी ठेवतो, एकीला शिक्षण आणि दुसरीला राजकारण म्हणून वेगळ्या कप्प्यात टाकत नाही.

८. ठक्करबाप्पांनी मिशनऱ्यांना उत्तर म्हणून काम सुरू केलं का?

ठक्करबाप्पा म्हणजे गांधीवादी समाजसेवक. थोडंफार तसंही म्हणता येईल, पण सुरुवात दुष्काळी मदतीच्या कामातून झाली. पंचमहालात भिल्लांची हालत बघून त्यांनी १९२२ मध्ये दाहोदला भिल्ल सेवा मंडळ काढलं. आश्रम, वसतिगृह, सूतकताई, प्रार्थना, दारूबंदी. १९४८ मध्ये भारतीय आदिमजाती सेवक संघ. मिशनशी स्पर्धा होतीच, लपवायचं काही नाही. पण गंमत अशी की साचा बराच सारखा झाला: मुलाला पाड्यावरून काढा, बोर्डिंगमध्ये ठेवा, घंटेवर उठवा, कपडे-खाणं-पिणं सुधारा, देव वेगळा. आदिवासी मागासलेला आहे, त्याला सुधारायचं आहे, हे दोन्हीकडे गृहीतच.

९. व्हेरियर एल्विन मिशनरी होते की मिशनविरोधी?

आधी हे, मग ते. हे इंग्रज, पुढे आदिवासींचे अभ्यासक म्हणून नावाजले. १९२७ मध्ये पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले, गांधींच्या जवळ गेले, १९३२ मध्ये सहकारी शामराव हिवाळ्यांबरोबर मंडलातल्या करंजियाला गोंडांमध्ये राहायला गेले (दुसऱ्या प्रश्नातलं तेच करंजिया, नव्वद वर्षांनी). शाळा आणि दवाखाना काढला, बिशपशी पटलं नाही आणि लवकरच चर्चचा पेशा सोडला. चाळीसच्या दशकात मंडलातल्या कॅथलिक मिशनच्या शाळांविरुद्ध त्यांनीच मोहीम चालवली आणि त्यात ठक्करबाप्पांची साथ घेतली. मात्र आदिवासींना वेगळं राहू द्यावं की मुख्य प्रवाहात आणावं यावर ह्या दोघांचं अजिबात जमलं नाही. आणि मुंबईत बसलेले समाजशास्त्रज्ञ घुर्ये तर म्हणत होते की हे मागासलेले हिंदूच आहेत. या भांडणात आदिवासी स्वतः काय म्हणतो हे विचारायला जयपालसिंहांपर्यंत यावं लागतं.

१०. मिशनऱ्यांनी भाषा वाचवल्या की मारल्या?

दोन्ही प्रकार झालेत. धर्मग्रंथ लोकांच्या बोलीत द्यायचा तर आधी बोलीला लिपी हवी, व्याकरण हवं, शब्दकोश हवा. खासीसाठी बंगालमधल्या सेरामपूरच्या मिशनऱ्यांनी आधी बंगाली लिपी वापरून पाहिली होती, ती चालली नाही. थॉमस जोन्सने रोमन घेतली आणि स्वतः वेल्श असल्यामुळे स्पेलिंगची वळणंही वेल्श, ती आजही खासीत दिसतात. मिझोरामला लॉरेन आणि सॅव्हिज ११ जानेवारी १८९४ ला पोचले आणि त्यांनी लिपी बसवली, तो दिवस तिथे आजही साजरा होतो. पण लिपी एका बोलीला मिळाली की तीच "भाषा" होते आणि शेजारच्या बोली मागे पडतात. मिझोत दुहलियन बोलीला लिपी मिळाली आणि तीच "मिझो" झाली.

संथाळीत वेगळी गोष्ट. मिशनने रोमन दिली होती तरी १९२५ मध्ये पंडित रघुनाथ मुर्मूंनी स्वतः ओल चिकी तयार केली. दुसऱ्याने दिलेली लिपी चालत होती, पण आपली असावीशी वाटली.

आपल्याकडे? संविधानात ३५० क कलम आहे (१९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आलं) की प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून द्यायची सोय करावी. आणि धडगाव किंवा भामरागडचं पोरगं पहिलीत येतं तर समोर पुस्तक प्रमाण मराठीचं. घरी पावरी किंवा माडिया, शाळेत "मी शाळेत जातो". मास्तर पोराला मठ्ठ म्हणतात, पोरगं मास्तरांना काय म्हणतं ते मास्तरांना कळत नाही म्हणून बरंय.

११. ईशान्येकडे साक्षरता जास्त आहे ती मिशनऱ्यांमुळेच ना?

मिझोराम २०११ ला ९१ टक्क्यांवर, बरोबर. पण मग झारखंडमध्येही मिशन १८४५ पासून आहे, मिझोरामच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधीपासून, आणि तिथल्या आदिवासींची साक्षरता २०११ ला ५७ टक्क्यांच्या आसपास का? नुसत्या मिशनने होत असतं तर उलटं दिसायला हवं होतं. मिझोराममध्ये शिकवणं पहिल्यापासून त्यांच्या भाषेत, मास्तर लवकरच त्यांच्यातलेच, चर्चही लोकांचंच झालं, आणि मुख्य म्हणजे बाहेरचा जमीनदार-सावकार आत शिरू शकला नाही, कारण इनर लाइन, म्हणजे बाहेरच्याला परवान्याशिवाय आत न येऊ देणारी सरकारी सीमा. छोटानागपूरला हे संरक्षण नव्हतं. तुलनेसाठी: १९६१ मध्ये देशातल्या अनुसूचित जमातींची साक्षरता साडेआठ टक्क्यांच्या आसपास होती, २०११ ला ५९ टक्के, महाराष्ट्रात साधारण ६६.

१२. कॅनडात झालं तसं भारतात झालं का?

नाही, आणि ही तुलना सरसकट करू नये. कॅनडात सरकार आणि चर्चने मिळून निवासी शाळा चालवल्या, कायद्याच्या जोरावर मुलं घरातून नेली, सुमारे दीड लाख मुलं त्यातून गेली, शेवटची शाळा नव्वदच्या दशकात बंद झाली. भारतात मिशनच्या शाळेत घालायची कायद्याने सक्ती नव्हती. पण घरापासून तोडणं, बोलीची लाज वाटायला लावणं, नाव बदलणं हे इथेही घडलं, आणि ते फक्त मिशनच्या शाळांत घडलं असं समजू नका (तेरावा वाचा). सक्तीच्या सगळ्यात जवळ जाणारा आपल्याकडचा प्रकार सोळाव्या प्रश्नात आहे.

१३. आजच्या आश्रमशाळा म्हणजे मिशनच्या बोर्डिंगचीच नक्कल का?

थेट वारसा म्हणाल तर गांधीवादी आश्रमांचा. राज्याने १९७२-७३ पासून शासकीय आश्रमशाळा मोठ्या प्रमाणावर काढल्या, आज शासकीय आणि अनुदानित मिळून हजाराहून जास्त आहेत. हेमलकशाची १९७६ ची शाळा हे संस्थेने चालवलेल्या शाळेचं नावाजलेलं उदाहरण. १९९७-९८ पासून केंद्राच्या एकलव्य निवासी शाळा.

पण प्रश्न जुनेच. सहा वर्षांचं पोर घरापासून पन्नास किलोमीटर लांब का ठेवायचं? सर्पदंश, ताप, वेळेवर न मिळालेला दवाखाना, मुलींची असुरक्षितता, याच्या बातम्या वर्षाआड येतात. उलट बाजूही आहे, ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या घराला आश्रमशाळा म्हणजे पोराला दोन वेळचं जेवण. पाड्यावरच चांगली शाळा असती तर किती पालकांनी बोर्डिंग निवडलं असतं, हे मात्र कोणी विचारत नाही.

१४. नियोगी समिती काय होती?

मध्य प्रदेश सरकारने १९५४ मध्ये नेमली, अध्यक्ष न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी, अहवाल १९५६ चा. तेव्हा राजधानी नागपूर होती आणि विदर्भ त्याच राज्यात, त्यामुळे हा आपल्याही इतिहासाचा भाग आहे. शाळा-दवाखान्यांतून धर्मांतर होतं आणि परदेशी पैसा येतो हा अहवालाचा सूर. मिशनऱ्यांनी तो एकतर्फी म्हणून नाकारला. ओडिशाचा १९६७ चा आणि मध्य प्रदेशचा १९६८ चा धर्मस्वातंत्र्य कायदा याच वातावरणातून आले. १९५२ मध्ये जशपूरला सुरू झालेला वनवासी कल्याण आश्रमही त्याच पट्ट्यातला. "आदिवासी" की "वनवासी" हा वाद तिथून.

१५. ख्रिस्ती झाल्यावर एसटीचा दाखला जातो का?

धर्मांतरामुळे आपोआप जात नाही. अनुसूचित जातींना १९५० च्या आदेशात धर्माची अट आहे (आज हिंदू, शीख, बौद्ध), अनुसूचित जमातींना ती नाही. लोक या दोन्हीत गल्लत करतात. मात्र सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या केरळच्या चंद्रमोहनन प्रकरणात म्हटलंय की धर्मांतरानंतरही माणूस जमातीचे रीतिरिवाज पाळतो का, जमात त्याला आपला मानते का हे पाहावं लागतं. धर्मांतरितांना यादीतून काढा ही मागणी नवी नाही, साठच्या दशकात खासदार कार्तिक उरांव यांनी ती लावून धरली होती.

जोडून विचारलं जातं की मिशनच्या शाळेत प्रार्थना सक्तीची असू शकते का. कलम २८ बघा: पूर्ण सरकारी खर्चाच्या शाळेत धार्मिक शिक्षण नाही, अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीशिवाय सक्ती नाही.

१६. पारधी, कैकाडी यांच्या शाळांचा इतिहास यातच येतो का?

शेजारून जातो. १८७१ ला सुरू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्यांखाली (मुंबई इलाख्यात १९११ पासून) या समाजांना सेटलमेंटमध्ये, तारेच्या कुंपणात ठेवलं, सोलापूरची सेटलमेंट त्यातली मोठी. देशात काही सेटलमेंट मुक्तिफौजेसारख्या ख्रिस्ती संस्थांकडे चालवायला दिल्या होत्या. आत शाळा होती, हजेरी सक्तीची होती. कायदा रद्द झाला १९५२ मध्ये. महाराष्ट्रात यातले बरेचसे समाज विमुक्त जाती-भटक्या जमातींत मोडतात, काही एसटीत, त्यामुळे यादी बघितल्याशिवाय बोलू नये.

१७. आजोबा मिशनच्या शाळेत होते, त्यांची नोंद जात पडताळणीला चालते का?

चालते, आणि भारी चालते. पडताळणी समितीपुढे १९५० पूर्वीचा शाळेचा दाखला किंवा जनरल रजिस्टरचा उतारा जितका जुना तितकं त्याचं वजन जास्त. अडचण वेगळीच येते. मिशनच्या रजिस्टरात जातीच्या रकान्यात कधी नुसतं "ख्रिस्ती" लिहिलेलं असतं, जमात लिहिलेलीच नसते, किंवा नाव बदललेलं असतं, घरी सोन्या आणि रजिस्टरात सॅम्युएल. अशा वेळी चुलत्यांचे, आजोबांच्या भावांचे दाखले, वडिलांच्या नावाचा मेळ आणि जमिनीचे जुने उतारे जोडावे लागतात. शाळा बंद झाली असेल तर रजिस्टर जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाकडे किंवा त्या चर्चच्या कार्यालयात विचारा, आणि मिळालं की त्याच दिवशी सही-शिक्क्याची नक्कल घ्या, पुढच्या खेपेला तेच पान वाळवीने खाल्लेलं निघतं.